कोरियाची अस्मिता आणि आपला गोमंतक

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. नववीच्या वर्गातील वह्या तपासताना एका विद्यार्थिनीच्या वहीच्या शेवटच्या पानावर काही अपरिचित अक्षरे दिसली. कुठे वर्तुळ, कुठे काटकोन, कुठे नुसतीच उभी-आडवी रेघ. पण सारी कशी नेटकी, एकेका चौकोनात बसविल्यासारखी. हे काय म्हणून विचारता ती संकोचून म्हणाली, "सर, ते माझे नाव आहे. कोरियन अक्षरांत लिहिले आहे." मोबाइलवर कोरियन मालिका पाहता पाहता आणि तिकडची गाणी ऐकता ऐकता ती अक्षरे ती आपली आपणच शिकली होती.

रागावण्यासारखे त्यात काहीच नव्हते. परकी लिपी स्वतःच्या हौसेने शिकणारे मूल हे कोणत्याही शिक्षकास आवडावे. मी तिला एवढेच विचारले, "ही अक्षरे कोणी केली आणि कशासाठी केली, ठाऊक आहे?" तिला ते ठाऊक नव्हते. मग मी साऱ्या वर्गाला दुसरा प्रश्न केला. "आपल्या तालुक्याचे नाव इंग्रजी पाटीवर एक असते आणि आपल्या तोंडी दुसरे असते. असे का?" वर्ग गप्प राहिला.

विद्यार्थी मित्रहो, प्रस्तुतचा लेख म्हणजे त्या दोन प्रश्नांचे लांबलेले उत्तर आहे. एक प्रश्न कोरियाचा, दुसरा आपल्या पेडणे-डिचोलीचा. प्रथमदर्शनी त्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. पण परकी सत्ता आली असता एखादा समाज आपले आपलेपण कशाच्या बळावर टिकवितो, ह्या एकाच मोठ्या प्रश्नाची ती दोन अंगे होत.

राजाने केलेली अक्षरे

आशिया खंडाच्या पूर्व कडेला, चीन आणि जपान ह्या दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये कोरियाचा द्वीपकल्प पसरलेला आहे. उत्तर व दक्षिण दोन्ही भाग धरले तरी त्याचे क्षेत्रफळ महाराष्ट्राहून कमीच भरते. ह्या देशाची भाषा चिनी भाषेहून अगदी निराळी. परंतु शतकानुशतके ती लिहिण्यासाठी चिनी चित्राक्षरांचाच आधार घ्यावा लागे. ती हजारो अक्षरे शिकायची तर आयुष्याची कित्येक वर्षे द्यावी लागत. सरदार-पंडितांना ते साधे. शेतकऱ्याला, कारागिराला आणि घरातील बायकांना साधणे शक्य नव्हते.

इ. स. १४१८ ते १४५० ह्या काळात तेथे सेजोंग नावाचा राजा राज्य करीत होता. आपल्या प्रजेला मनातले सांगायचे असते, पण लिहिता येत नाही, ह्याची त्याला खंत वाटे. त्याने १४४३ साली अठ्ठावीस अक्षरांची एक नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ साली ती लोकांपुढे ठेवली. तिला त्याने दिलेल्या नावाचा अर्थच मुळी 'लोकांना शिकविण्यासाठी योग्य ध्वनी' असा होतो. आज ती 'हंगुल' ह्या नावाने ओळखली जाते व तीत मूळ अक्षरे चोवीस आहेत.

ही लिपी आपणां मराठी मुलांना विशेष जवळची वाटावी. आपली वर्णमाला उच्चाराच्या स्थानांप्रमाणे लावलेली आहे, हे तुम्ही व्याकरणात शिकला आहात. कवर्ग कंठ्य, तवर्ग दंत्य, पवर्ग ओष्ठ्य. सेजोंगच्या अक्षरांतही ध्वनींची अशीच स्थानवार मांडणी आहे. त्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. उच्चार करताना मुखात जी आकृती होते, तीच अक्षराला दिली. 'ग' म्हणताना जिभेचे मूळ घशाकडे उचलले जाते, म्हणून त्याचे अक्षर वरून खाली वळलेल्या काटकोनासारखे. 'न' म्हणताना जिभेचे टोक वर लागते, म्हणून त्याचा काटकोन उलटा. 'म' साठी मिटलेल्या तोंडाचा चौकोन. आणि 'ग' च्या अक्षरात एक रेघ वाढविली की 'ख' होतो. म्हणजे अल्पप्राण आणि महाप्राण ह्यांचे नाते डोळ्यांनाही दिसते. मुलांनी पाठ म्हणायची त्यांची 'गा-ग्या' ही मालिका तर थेट आपल्या बाराखडीची बहीणच शोभेल.

इतकी सोपी लिपी मिळाल्यावर सर्वांना आनंद झाला असेल, असे तुम्हांला वाटेल. परंतु तसे झाले नाही. १४४४ साली दरबारातील पंडितांनी राजाकडे लेखी विरोध नोंदविला. चिनी अक्षरे सोडून स्वतःची लिपी करणे हे रानटी लोकांचे लक्षण होय, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे पंडितांनी ह्या लिपीला 'गावठी लिपी' म्हटले, 'बायकांची अक्षरे' म्हणून हिणविले. पण त्याच बायकांनी तिच्यात पत्रे लिहिली, कथा वाचल्या, मुलांना अक्षरे गिरवावयास लावली. मोठ्यांनी दाराबाहेर ठेवलेली लिपी स्वयंपाकघराने सांभाळली. ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिचे काम पुढे पडणार आहे.

एकाच वर्षी दोन घटना

१९१० हे साल ह्या दोन्ही कथांत महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात जपानने कोरिया आपल्या साम्राज्याला जोडून टाकला. आणि त्याच वर्षी ५ ऑक्टोबर रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक आले. सर्व धर्मांना समान लेखण्याचे धोरण त्या प्रजासत्ताकाने स्वीकारले आणि गोमंतकातील हिंदू समाजाला पुष्कळ काळानंतर मोकळा श्वास घेता आला. ह्याच सुमारास पणजी, फोंडा वगैरे ठिकाणी शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या; फोंड्यास ग्रंथालय निघाले; मराठी नियतकालिकांना बळ आले. एका देशाचे दार मिटले त्याच वर्षी दुसरीकडे एक खिडकी उघडली.

कोरियाचे दार मात्र पुरते मिटले. १ मार्च १९१९ रोजी तेथील लोकांनी शांततेच्या मार्गाने स्वातंत्र्याची घोषणा केली. ती चळवळ लष्करी बळाने मोडून काढण्यात आली. तीत भाग घेणारी यू ग्वान-सून ही विद्यार्थिनी तुमच्याच वयाची, अवघ्या सोळा वर्षांची होती. पुढल्या वर्षी सप्टेंबरात तुरुंगातच तिचा अंत झाला.

ह्यानंतर घाला पडला तो भाषेवर. १९३८ पासून शाळांतून कोरियन भाषा ऐच्छिक ठरली आणि थोड्याच अवधीत बहुतेक शाळांतून नाहीशी झाली. १९४० साली कोरियन भाषेतील दोन मोठी वृत्तपत्रे बंद करण्यात आली. त्याच वर्षी कुटुंबांनी जपानी पद्धतीची आडनावे घ्यावीत असा कायदा अमलात आला. म्हणावयास तो ऐच्छिक होता. पण नाव न बदलणाऱ्याच्या मुलाला शाळेत आणि बापाला कचेरीत जो त्रास होई, त्यामुळे काही महिन्यांतच सुमारे ८० टक्के कुटुंबांनी नवी नावे नोंदविली. विचार करा. शाळेत हजेरी घेताना गुरुजी एक नाव पुकारतात, घरी आई दुसऱ्याच नावाने हाक मारते. त्या मुलाने आपण कोण म्हणून समजावे?

ह्या काळातील एक प्रसंग प्रत्येक खेळाडू विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन शर्यत जिंकली ती सोन की-जोंग ह्या कोरियन तरुणाने. परंतु त्याच्या छातीवर चिन्ह होते जपानचे, आणि नावही जपानी उच्चाराने लिहिलेले. विजयमंचावर तो मान खाली घालून उभा राहिला, आणि हातातील रोपट्याने त्याने छातीवरील चिन्ह झाकून घेतले. 'दोंगा इल्बो' ह्या वृत्तपत्राने त्याचे छायाचित्र छापताना ते चिन्ह पुसून टाकले. त्याबद्दल पत्रकारांना अटक झाली आणि पत्र कित्येक महिने बंद राहिले. बावन्न वर्षांनी, १९८८ साली सोल शहरी ऑलिंपिक भरले, तेव्हा वृद्ध सोन की-जोंग हातात ज्योत घेऊन क्रीडांगणात धावत आला. ह्या वेळी त्याच्या देशाचे नाव त्याचेच होते.

कोशाची पेटी

जू शी-ग्योंग हे कोरियन भाषेचे थोर अभ्यासक. त्यांचा जन्म १८७६ चा. कापडी गाठोड्यात पुस्तके बांधून ते ह्या शाळेतून त्या शाळेत कोरियन शिकवीत हिंडत; म्हणून लोक त्यांना लाडाने 'गाठोडेवाले' म्हणत. १९१४ साली ते ऐन तारुण्यात वारले, पण त्यांच्या शिष्यांनी भाषामंडळ स्थापले आणि १९२९ पासून कोरियन भाषेचा मोठा शब्दकोश करावयास घेतला. गावोगावचे शब्द जमविण्याकरिता त्यांनी सुट्टीत घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची मदत घेतली. आजी-आजोबांच्या तोंडचे शब्द मुलांनी टिपून आणावे आणि कोशकारांनी ते तपासून मांडावे, असा तो क्रम होता.

१९४२ साली एका शाळकरी मुलीच्या रोजनिशीतील मजकुरावरून पोलिसांनी त्या शाळेत पूर्वी शिकविणाऱ्या आणि त्या वेळी कोशाचे काम करणाऱ्या एका शिक्षकापर्यंत माग काढला. मग भाषामंडळातील एकेकाची धरपकड झाली. शब्द गोळा करणे हा राजद्रोह ठरला. दोघा विद्वानांचा तुरुंगात मृत्यू झाला आणि कोशाचे हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झाले.

जपानचा पराभव होऊन १५ ऑगस्ट १९४५ रोजी कोरिया मुक्त झाला. तुरुंगातून सुटलेले कोशकार सर्वांआधी आपली पाने शोधू लागले. सप्टेंबरात सोलच्या रेल्वे स्थानकाच्या गोदामात ती हजारो पाने सापडली. त्या पानांवरून कोशाचा पहिला खंड १९४७ साली निघाला आणि सहावा, शेवटचा, १९५७ साली.

चापोरा आणि मांडवीच्या पलीकडे

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे शहर घेतले. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी ह्या जुन्या काबिजादींत धर्मांतरे झाली, देवळे पडली. २७ जून १६८४ रोजी काढलेल्या हुकुमाने तर लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषाच बोलावी असे फर्मावण्यात आले. कोरियातील हुकुमांच्या अडीचशे वर्षे आधीची ही गोष्ट.

तो हुकूम फसला. त्याचे श्रेय कोणाला? आपल्या ख्रिस्ती बांधवांचाही त्यात मोठा वाटा आहे, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. त्यांची नावे पोर्तुगीज झाली, पोषाख बदलला, पण घरातील कोंकणी गेली नाही. प्रार्थना, गाणी आणि पुढे तियात्र ह्यांतून त्यांनी ती जिवंत ठेवली. धर्म बदलला तरी आईची भाषा राहिली.

पेडणे आणि डिचोली त्या वेळी पोर्तुगीज सत्तेबाहेर होती. तेरेखोल आणि चापोरा ह्या नद्यांमधील पेडणे आणि मांडवीच्या उत्तरेचे डिचोली, म्हणजे जुने भतग्राम, हे भाग नव्या काबिजादींतले. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले. तोवर त्यांचा धर्मच्छळाचा आवेश ओसरला होता. येथील देवस्थाने आणि रीतिरिवाज राखण्याचे अभिवचन त्यांना द्यावे लागले. म्हणून आपल्या बाजूला ग्रामदेवतांची देवळे मूळ जागी उभी दिसतात.

डिचोली तालुक्यातील नार्वे गावचे सप्तकोटेश्वराचे देऊळ तुम्ही पाहिलेच असेल. नसल्यास अवश्य पाहा. हा कदंब राजांचा देव. आपल्या बिरुदावलीत ते राजे स्वतःला सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचे धनी म्हणवीत. त्याचे मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास ते पाडले गेले, तेव्हा भक्तांनी नदी ओलांडून लिंग नार्व्यास आणले. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने शके १५९० मध्ये, म्हणजे नोव्हेंबर १६६८ मध्ये, तेथे देवालयाचे काम सुरू झाल्याचा शिलालेख आहे. कोरियाच्या कोशाप्रमाणेच हीही एक वाचविलेली ठेव होय.

नव्या काबिजादींत देवळे राहिली, तरी शाळा आणि कचेरी पोर्तुगीज भाषेची झाली. कागदावर पेडण्याचे 'पेर्नें', डिचोलीचे 'बिशोलीं' आणि सांखळीचे 'सांकेलीं' झाले. वर्गाला विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच. इंग्रजी पाटीवर आजही दिसते ते पोर्तुगीज लेखणीने लिहिलेले नाव. तोंडी आहे ते पूर्वजांनी ठेवलेले. पावणेदोनशे वर्षे कचेरीने एक नाव लिहिले आणि बाजारहाट करणाऱ्या, नांगर धरणाऱ्या माणसाने ते तोंडात येऊ दिले नाही. त्यासाठी कोणी सभा भरविली नाही. लोक आपले बोलत राहिले, एवढेच.

हे बोलणे आणखी पुष्कळ ठिकाणी चालू होते. देवळातील भजन-कीर्तनात मराठी संतवाणी होती. जत्रेच्या रात्री पेडण्याच्या गावोगाव दशावतार उभा राही. तेथे लिहिलेले संवाद नसत. नट उत्स्फूर्त बोलत. पौष महिन्यात मांडावर धालो रंगत, चतुर्थीला फुगड्या होत, शिगम्यात घोडेमोडणी निघे. शिरगावच्या लईराईच्या जत्रेस धोंड होमकुंडातून चालत. सरकारी शाळेत न मिळणारे शिक्षण प्रजेला येथे मिळत होते. कोरियन स्त्रियांनी आपली लिपी घरात सांभाळली, तशी आपल्या बायांनी आपली गाणी मांडावर सांभाळली.

पत्रादेवी आणि पंधरा ऑगस्ट

१९२६ नंतर पोर्तुगालमध्ये हुकूमशाही आली आणि १९१० ची खिडकी पुन्हा मिटू लागली. सभा, मुद्रण, सर्वांवर निर्बंध आले. लग्नाची निमंत्रणपत्रिकाही तपासून घेतल्यावाचून छापता येत नसे. परकी सत्ता माणसाला आतून कशी परकी करते, ह्याचे विवेचन त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्य ह्यांनी १९४४ साली गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावरील आपल्या पुस्तिकेत केले. साष्टीतील चांदरच्या ह्या ख्रिस्ती देशभक्ताला पुढे पोर्तुगालमध्ये कैदेत ठेवण्यात आले. १८ जून १९४६ रोजी मडगावी डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली आणि लढ्याला नवी धार आली.

१५ ऑगस्ट हा कोरियाचा मुक्तिदिन आणि आपल्या देशाचा स्वातंत्र्यदिन. १९५५ सालच्या त्याच दिवशी भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमा ओलांडून आत शिरले. पेडणे तालुक्यात पत्रादेवी येथे त्यांच्यावर गोळीबार झाला. तेथे पडलेला कर्नैलसिंग हा पंजाबातील इसरू गावचा तरुण. त्याची मातृभाषा ना मराठी, ना कोंकणी. आपल्या मातीशी त्याचे नाते भाषेचे नव्हते. ते राष्ट्राचे होते. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापुढे उभे राहिले म्हणजे ही गोष्ट मनात ठसते. अखेर १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला.

एक भाषा, दोन राष्ट्रे

मुक्तीनंतर सारे सुरळीत झाले, अशी गोष्टीची अखेर करता आली असती तर बरे झाले असते. कोरियाच्या नशिबी ते नव्हते. १९४५ सालीच अडतिसाव्या अक्षांशावर त्याचे दोन भाग पडले. १९४८ साली दोन राज्ये झाली आणि २५ जून १९५० पासून २७ जुलै १९५३ पर्यंत भावाभावांत भीषण युद्ध झाले.

युद्ध थांबल्यावर मायदेशी परत जाऊ न इच्छिणाऱ्या सुमारे बावीस हजार चिनी व कोरियन कैद्यांची देखरेख भारतीय सैन्याकडे आली. त्या दलाचे सेनापती होते मेजर जनरल शंकरराव थोरात. हे कोल्हापूरकडचे, आपले मराठी गृहस्थ. सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आपल्या गोटात ओढून नेले. तेव्हा थोरात स्वतः त्या संतप्त जमावात शिरले, बोलून त्यांना शांत केले आणि गोळी न झाडता अधिकाऱ्याला सोडवून आणले. त्या छावण्यांत एकाच भाषेची, एकाच लिपीची कोरियन माणसे होती आणि तरीही कोणत्या कोरियात जावे हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. त्यांतील काहींनी दोन्ही नाकारले. एकूण ८८ कैदी भारतीय सैन्याबरोबर १९५४ साली आपल्या देशात आले.

ह्यावरून काय शिकावे? भाषा हा राष्ट्राचा प्राण असेल. पण एकमेकांचे ऐकून घेण्याची इच्छा नसेल, तर एक भाषा बोलणारेही दुभंगतात. तरीदेखील तुटलेल्या धाग्यांतले काही अजून राहिले आहेत. 'आरीरांग' हे लोकगीत दोन्हीकडे गायिले जाते. कडाक्याच्या थंडीपूर्वी किमची मुरत घालण्याचा घरोघरचा सोहळा दोन्हीकडे होतो. त्यांच्या 'सिरुम' कुस्तीची नोंद तर २०१८ साली युनेस्कोच्या वारसा-यादीत दोन्ही राज्यांच्या नावे एकत्र झाली. आणि बहुधा आपल्या भाद्रपद पौर्णिमेस येणाऱ्या सुगीच्या सणाला तेथे पूर्वजांचे स्मरण करून तांदळाच्या पिठाच्या सारण भरलेल्या वड्या देवदारजातीच्या पानांवर उकडतात. हळदीच्या पानात पातोळ्या उकडणाऱ्या आपल्या आईला हे सांगून पाहा. तिला ते मुळीच परके वाटणार नाही.

दोन भाषांचे एक घर

आपला प्रश्न कोरियाच्या उलट होता. तेथे एक भाषा आणि दोन घरे. येथे एक घर आणि दोन भाषा. आपण अंगणात कोंकणी बोलतो आणि देवळात मराठी अभंग म्हणतो. पेडण्यात जन्मलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांनी मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री ह्या नात्याने खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा काढल्या, आणि पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर राहिलेल्या घरांतील मुले पाटी घेऊन शाळेत गेली. दुसरीकडे, कोंकणीच्या पुनरुज्जीवनासाठी आयुष्य वेचणारे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजेच शणै गोंयबाब, ह्यांचा जन्मही आपल्याच डिचोलीचा, १८७७ सालचा. कोरियाचे गाठोडेवाले जू शी-ग्योंग ह्यांच्याहून एका वर्षाने धाकटे. एका मातीने दोन्ही भाषांना आपापले कैवारी दिले, ही अभिमानाचीच गोष्ट होय.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे ह्या बाजूने १,३८,१७० आणि वेगळे राहावे ह्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. पेडणे-डिचोलीकडचा कल विलीनीकरणाचा होता. निकाल दुसरा लागला. मनस्ताप झाला, कटू शब्द बोलले गेले. पण कोरियासारखी भिंत येथे उभी राहिली नाही. मतपेटीचा निर्णय लोकांनी मानला. पुढे १९८७ साली देवनागरीतील कोंकणी ही राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी व्यवहारात स्थान मिळाले आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झाले. ह्या प्रश्नावर वडील मंडळींत आजही मतभेद आहेत आणि ते असू शकतात. परंतु एका भाषेवरील प्रेम सिद्ध करण्यासाठी दुसरीचा द्वेष करावा लागतो, असे मात्र कोणी तुम्हांला शिकवू लागल्यास ते शिकू नका. दोन डोळे असलेल्या माणसाला एक डोळा मिटून अधिक दिसत नाही.

सुट्टीतील काम

आता अखेरचा आणि सर्वांत कठीण प्रश्न. हुकुमाने आपली भाषा मेली नाही, बंदुकीने मेली नाही. मग तिला भय कशाचे? भय आहे ते आपल्या विसराळूपणाचे.

माझी आजी पेडण्याच्या बाजूची. जात्यावरच्या ओव्या, धालोंची गाणी तिला किती येत होती ह्याची मोजदाद नव्हती. एकदा वही घेऊन बसावे आणि सारी उतरवून घ्यावीत असे मी प्रत्येक सुट्टीत ठरवीत असे आणि प्रत्येक सुट्टी दुसऱ्याच कामात जाई. ती गेली त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. माझ्याजवळ तिची दोन गाणी पुरी आहेत आणि तिसऱ्याचे अर्धेच चरण. बाकीची कोणत्याही स्थानकाच्या गोदामात सापडणार नाहीत. ती जप्त झाली नव्हती. मीच ती लिहून घेतली नव्हती.

म्हणून, ज्या विद्यार्थिनीच्या वहीपासून हा लेख सुरू झाला तिला आणि तिच्या निमित्ताने तुम्हां सर्वांना माझे सांगणे आहे. कोरियन अक्षरे खुशाल शिका. ती शिकण्यासारखीच आहेत. एका राजाने प्रजेवरील प्रेमाने ती केली आणि प्रजेने प्राणपणाने ती राखली. पण त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूने एक पान उघडा. येत्या सुट्टीत आजी-आजोबांजवळ बसून निदान एक ओवी, एक धालोचे गाणे, आपल्या वाड्यातील शेतांची आणि पाणवठ्यांची नावे, भांड्यांचे आणि अवजारांचे जुने शब्द असे जे मिळेल ते त्यांच्या उच्चारांत जसेच्या तसे लिहून घ्या. ते कोंकणी आहे की मराठी, ह्याचा निवाडा करीत बसू नका. शब्द सांगणाऱ्याचे वय, गाव आणि तारीख तेवढी खाली घाला. कोरियन मुलांनी आपल्या देशाचा कोश असाच घडविला.

शाळा उघडल्यावर त्या वह्या वर्गात आणा. त्यांतील निवडक भाग पुढील वर्षीच्या ह्याच वार्षिकात छापावा, असा मानस आहे.